किडनी, शुगर आणि ६० हजारांची पुडी : डी-थ्री कितपत कामाचं?

धोटा | १२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ६४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल करणारे) होते, आता घरीच. शुगर १८ वर्षांची, बीपी दहाएक वर्षांचं. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात चढतं ते) २.३, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३१, लघवीतून प्रोटीन जातं. दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर व्हिटॅमिन डीही करायला सांगितलं, ते आलं ११, म्हणजे कमी. मग डी-थ्रीची, म्हणजे व्हिटॅमिन डीचीच, ६० हजार युनिटची पुडी सुरू केली, आठवड्याला एक, आठ आठवडे. पाच झाल्या.

इथवर सरळ होतं. मध्येच काकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. डी वाढलं की शुगर उतरते, किडनी परत कामाला लागते, पुडी आयुष्यभर घ्यायची, वगैरे. मी हसण्यावारी नेलं. पण गंमत अशी की अण्णांची उपाशीपोटीची शुगर खरंच उतरली. आधी १५०-१६० असायची, आता ९५-१००, परवा तर ७८. काका म्हणतात, "बघ, सांगितलं नव्हतं?" अण्णांना ते इतकं पटलंय की आता आठवड्याला दोन पुड्या घेतो म्हणतात.

इथे कोणाच्या घरी किडनी आणि शुगर दोन्ही आहे का? डी-थ्रीने खरंच फरक पडतो? आणि आठ पुड्या संपल्यावर काय करता?

कडकभाकरी | १२ एप्रिल, रात्री ९.५८

सोलापुरात राहून डी कमी? एप्रिलात इथे दगड भाजून निघतो. आपलं डी तर ओसंडून वाहायला पाहिजे बे.

पार्कचौक | १२ एप्रिल, रात्री १०.१५

@कडकभाकरी, माझं ९ होतं. नवी पेठेत दुकान, सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली. ऊन फक्त समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर पडताना बघतो.

पूर्वभागकर | १२ एप्रिल, रात्री १०.४०

धोटा, बिनधास्त द्या. आमची आई ७०ची. आयुष्य विड्या वळण्यात गेलं, घराच्या ओट्यावर, सावलीत. कंबर, मांड्या इतक्या दुखायच्या की जमिनीवरून उठताना भिंत धरायची. डी निघालं ७. पुड्या सुरू केल्यावर दोन महिन्यांत जिना चढायला लागली. मी डोळ्यांनी बघितलंय. पुडी स्वस्त आहे म्हणून मोठे डॉक्टर तिचं कौतुक करत नाहीत, एवढंच.

डायलिसिसताई | १२ एप्रिल, रात्री ११.२०

रात्रपाळीला आहे, म्हणून तुटक लिहिते.

पूर्वभागकर, तुमच्या आईचा अनुभव खरा आहे. डी फार कमी झालं की हाडं आणि मांड्यांचे स्नायू दुखतात, आणि ते भरून काढलं की बरं वाटतं. पण त्यांच्या किडन्या ठीक होत्या ना? इथे प्रश्न वेगळा आहे.

धोटा, पुडीचं नंतर बघू. आधी हे सांगा, अण्णा शुगरच्या कोणत्या गोळ्या घेतात? नाव आणि मात्रा लिहा. जेवण कमी झालंय का? पहाटे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं असं काही? ७८ वाचून मला आनंद झाला नाही.

धोटा | १३ एप्रिल, सकाळी ७.०५

ताई, गोळी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन १००० अशी एकत्र, सकाळ-संध्याकाळ एकेक. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सहा-सात वर्षांपूर्वी लिहून दिलेली, तीच चालू आहे. किडनीच्या डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवायची राहिली, फक्त बीपीच्या गोळ्या दाखवल्या. चूक आमचीच.

जेवण कमी झालंय. किडनीचं पथ्य म्हणून डाळ कमी केली, त्यात तोंडाला चव नाही म्हणतात. दोन भाकऱ्यांची एक झाली. पहाटे घाम येतो, बनियन बदलावं लागतं. पण एप्रिलात सोलापुरात घाम कोणाला येत नाही, म्हणून लक्ष दिलं नाही.

डायलिसिसताई | १३ एप्रिल, सकाळी ७.३०

आजच फोन करा. उद्या नको, आज. ग्लुकोमीटर घरी आहे, तर पहाटे घाम आला की लगेच बोट टोचा. ७०च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग काहीतरी खायला द्या. अण्णा गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

शुगर पुडीने उतरलेली नसावी. शरीरातलं बरंचसं इन्सुलिन किडनी मोडीत काढते. किडनी मंदावली की इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं, ग्लिमेपिराइडचे अंशही रेंगाळतात. त्यात भाकरी अर्धी. मग जुन्याच मात्रेत शुगर खाली येते आणि घरात सगळ्यांना वाटतं, वा, सुधारणा झाली. आमच्या वॉर्डात अशी 'सुधारलेली' माणसं बेशुद्ध होऊन येतात.

मेटफॉर्मिनचंही आहे. ईजीएफआर ४५च्या खाली गेला की मात्रा साधारण निम्मी करतात, ३०च्या खाली बंदच. अण्णा ३१वर दिवसाला २००० घेतायत. गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका, पण डॉक्टरांना आजच सांगा.

कडकभाकरी | १३ एप्रिल, सकाळी ८.१०

बाप रे. काल मी चेष्टा केली ती मागे घेतो.

जुनी_प्रयोगशाळा | १३ एप्रिल, दुपारी १२.५०

धागा वाचून राहवलं नाही. बायोकेमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं व्याख्यान होईल.

डी हे नावाला जीवनसत्त्व, वागणं संप्रेरकाचं. त्वचेवर ऊन पडलं की ते तयार होतं, किंवा पुडीतून मिळतं. हे कच्चं डी. ते यकृतात जातं, तिथे पहिला संस्कार होतो. आपण रक्तात मोजतो ते हे, अण्णांचं ११ आलं ते. पण तेही पूर्ण कामाचं नसतं. शेवटचा संस्कार मुख्यतः किडनीत होतो आणि कॅल्सिट्रिऑल तयार होतं. केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० साली दाखवून दिलं की हा पक्का माल किडनीत बनतो. तोवर किडनी म्हणजे गाळणी, एवढंच आम्ही शिकत होतो.

आता किडनी बिघडली की काय होतं? फॉस्फरस बाहेर टाकणं जड जातं. हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक वाढतं. ते फॉस्फरस बाहेर ढकलतं, पण त्याच वेळी किडनीतला तो शेवटचा संस्कारही दाबून टाकतं. हे क्रिएटिनिन फार चढायच्या आधीपासून चालू असतं. कॅल्सिट्रिऑल घटलं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे त्यांचं संप्रेरक वाढवून हाडांतून कॅल्शियम उपसतात. म्हणून किडनीच्या माणसाला नुसतं डी तपासून भागत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच बरोबर हवं.

शिवाय अण्णांना लघवीतून प्रोटीन जातं. डीला रक्तात वाहून नेणारं प्रथिनही त्या वाटेने जातं. ११ आकड्यामागे तेही कारण असू शकतं.

धोटा | १३ एप्रिल, दुपारी १.३०

सर, आमच्या भाषेत सांगायचं तर सूत पडलंय गोदामात, ताणा लागलाय, पण माग निम्मे बंद. सूत जास्त आणून टॉवेल वाढणार नाहीत.

(डॉक्टरांकडे संध्याकाळची वेळ मिळाली आहे.)

जुनी_प्रयोगशाळा | १३ एप्रिल, दुपारी १.४५

अगदी. फक्त अर्धे माग चालू आहेत तोवर सुताचा तुटवडा नको, म्हणून पुडी. गोदाम भरून छताला लावायचं नाही.

सिद्धरामेश्वर_रोड | १३ एप्रिल, दुपारी २.२०

विषयांतराबद्दल क्षमस्व. आम्ही शाकाहारी. हे डी-थ्री मेंढीच्या लोकरीपासून करतात असं ऐकलं, खरं आहे का?

जुनी_प्रयोगशाळा | १३ एप्रिल, दुपारी ३.००

बहुतेक वेळा खरं आहे. लोकर धुताना जो चिकट मेणचट भाग निघतो, त्यातून पदार्थ काढून त्यावर अतिनील किरण सोडतात. मेंढी मरत नाही, तिची लोकर कातरतात. कॅप्सूलचं कवच मात्र जिलेटिनचं असू शकतं, ते वेगळं बघा. मशरूम किंवा यीस्टपासून डी-टू मिळतं, शेवाळासारख्या दगडफुलाच्या जातीपासून डी-थ्रीही करतात.

कडकभाकरी | १३ एप्रिल, दुपारी ३.०८

म्हणजे आजोबांनी आयुष्यभर घोंगडं पांघरलं, चाटलं असतं तर डी मिळालं असतं.

जुनी_प्रयोगशाळा | १३ एप्रिल, दुपारी ३.१५

नसतं. घोंगडं विणेपर्यंत ते मेण बरंचसं धुऊन गेलेलं असतं. पण प्रयोग करायचा असेल तर वहीत नोंद ठेवा.

होटगीरोड | १३ एप्रिल, दुपारी ४.४०

पुडी निरुपद्रवी समजणाऱ्यांसाठी आमच्या घरचं सांगतो.

मावशी, ६८, क्रिएटिनिन १.६. गुडघे दुखतात म्हणून कोणीतरी पुडी लिहून दिली, आठवड्याला एक. घरी कळलं 'रोज एक'. चिठ्ठीवरचं अक्षर कोणाला लागेना, विचारायला कोणी गेलं नाही. दोन महिने रोज दुधातून चालली. आधी भूक गेली, मग बद्धकोष्ठ, मग सारखी तहान. आम्ही म्हणालो उन्हाळा आहे. (धोटाचं घामाचं वाचून तेच आठवलं. आपल्याकडे सगळं उन्हाळ्यावर ढकलतात.) एक दिवस मावशी मामांना ओळखेनात. कॅल्शियम १४ च्या पुढे, क्रिएटिनिन ३.१. आठवडाभर सलाइन. डी चरबीत साठतं, त्यामुळे पुड्या बंद करूनही कॅल्शियम महिनोन्‌महिने तपासावं लागलं. क्रिएटिनिन परत २च्या आसपास आलं, १.६ काही झालं नाही.

म्हणून अण्णांना 'दोन घेतो' म्हणू देऊ नका.

पूर्वभागकर | १३ एप्रिल, सायंकाळी ५.२५

मावशींचं वाईट वाटलं. पण रोज घेणं हा अतिरेक झाला, आठवड्याला दोन म्हणजे तसं नाही. आणि शुगरचा मुद्दा मी सोडणार नाही. डी कमी असणाऱ्यांना डायबेटिस जास्त असतो, हे मी पण वाचलंय. मग डी वाढवलं तर डायबेटिस कमी व्हायला नको?

आकडेमोड | १३ एप्रिल, रात्री ८.५०

@पूर्वभागकर, पटण्यासारखं वाटतं खरं, पण उलटं करून बघा. जो माणूस आजारी आहे, लठ्ठ आहे, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही, त्याचं डी कमी असणारच, आणि शुगरही जास्त असणार. डी कमी हे कारण असेलच असं नाही, ते आजारपणाची सावलीही असू शकतं.

हे तपासायला अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०१९ साली प्रसिद्ध झाली. शुगरच्या उंबरठ्यावरचे २४२३ लोक. अर्ध्यांना रोज ४००० युनिट डी, अर्ध्यांना दिसायला तशीच रिकामी गोळी. साधारण अडीच वर्षांत डी घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना डायबेटिस झाला, न घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. फरक इतका लहान की योगायोग नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

किडनीसाठीही झाली. टाइप टू डायबेटिसचे १३१२ लोक, रोज २००० युनिट, पाच वर्षं. ईजीएफआरच्या घसरणीत फरक नाही.

पूर्वभागकर | १३ एप्रिल, रात्री ९.१५

त्या १३१२ लोकांच्या किडन्या अण्णांसारख्या होत्या का?

आकडेमोड | १३ एप्रिल, रात्री ९.३२

चांगला प्रश्न. नाही. बहुतेकांच्या बऱ्यापैकी चालत होत्या. त्यामुळे ३१ ईजीएफआरच्या माणसाला ती चाचणी जशीच्या तशी लावता येत नाही, मान्य.

खुद्द किडनीच्या रुग्णांवरचे प्रयोग बहुतेक लहान आहेत. त्यांत डीचा आकडा वाढतो हे नक्की, पीटीएच थोडं उतरतं. पण शुगर, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनला दाद देणं, यांत एका प्रयोगात फरक दिसतो, दुसऱ्यात नाही. त्यावर 'आयुष्यभर घ्या' म्हणणं मला जमत नाही.

आणि तयार कॅल्सिट्रिऑल किंवा तत्सम गोळ्या तर आणखी जपून. किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१७ साली सुधारल्या, त्यात म्हटलंय की डायलिसिसवर नसलेल्यांना त्या सरसकट देऊ नयेत. शेवटच्या टप्प्यांत पीटीएच खूप चढलं आणि चढतच राहिलं तर द्याव्यात. कच्च्या डीची कमतरता मात्र इतर लोकांसारखीच भरून काढावी. अण्णांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलंय.

धोटा, किडनी आणि शुगर दोन्हीसाठी ज्याचा ठोस पुरावा आहे त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. डॅपाग्लिफ्लोझिन या गोळीची २०२० सालची चाचणी ४३०४ किडनीच्या रुग्णांवर झाली, ईजीएफआर २५ ते ७५ असलेल्यांवर. किडनीचं मोठं नुकसान किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू यांचा धोका त्यात ३९ टक्क्यांनी घटला. पुडीच्या नादात हे विचारायचं राहून जायला नको.

पार्कचौक | १३ एप्रिल, रात्री १०.०५

मग माझ्यासारख्याने, किडनी धडधाकट असलेल्याने, ऊन कधी घ्यायचं? सकाळी सहाला कंबर तलावावर फिरतो, तेवढं पुरतं का?

जुनी_प्रयोगशाळा | १३ एप्रिल, रात्री १०.३०

फिरणं उत्तम, डीसाठी निरुपयोगी. कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा सोलापूरकर दार लावून पंख्याखाली आडवा होतो. उष्णता आणि ते किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, दुपारी बारा-साडेबाराला अंगणात बसलात तर चटका न लागता काम होतं. काचेमागे बसून मात्र होत नाही. आणि एप्रिलात किडनीच्या माणसाला भर दुपारी उन्हात बसवू नका, पाणी आटून किडनीलाच मार बसेल.

शेंगाचटणी | १३ एप्रिल, रात्री ११.१०

उशिरा आले. एकच भर. आमच्याकडे सासऱ्यांना (क्रिएटिनिन २.८) फॉस्फरसच्या भीतीने शेंगा, डाळ, सगळं बंद केलं होतं, आणि घरात थंड पेयांची बाटली मात्र चालू. आहारतज्ज्ञ बाई रागावल्या. म्हणाल्या, शेंगांतला, डाळींतला फॉस्फरस निम्म्याहून कमीच अंगी लागतो. कोला आणि पाकिटबंद पदार्थांत मिसळलेला जवळजवळ सगळा लागतो. चटणीत त्यांना खटकलं ते मीठ. आणि पोटॅशियम वाढलेलं असेल तर प्रमाण आणखी कमी. माझं नाव शेंगाचटणी असल्यामुळे हा पक्षपात समजू शकता.

धोटा | १४ एप्रिल, रात्री ९.१५

काल संध्याकाळी जाऊन आलो. सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत घालून नेल्या, बारा वर्षांपूर्वीच्यासुद्धा.

पहाटेचं आधी सांगतो. तुमच्या सांगण्यावरून आज पहाटे सव्वाचारला अण्णांना उठवून बोट टोचलं. ५८. घाम उन्हाचा नव्हता. साखरपाणी दिलं, वीस मिनिटांत ९६. अण्णा म्हणाले, "रोज असंच होतं की, मी उठून गुळाचा खडा खातो." हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी ती एकत्र गोळी बंद केली. मेटफॉर्मिन सुटं, दिवसाला ५००. ग्लिमेपिराइडच्या जागी लिनाग्लिप्टिन, किडनीमुळे तिची मात्रा बदलावी लागत नाही म्हणाले. डॅपाग्लिफ्लोझिनचं मी विचारलं, तर दोन आठवड्यांनी शुगर स्थिर झाली की सुरू करू म्हणाले. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या रिपोर्टवर एकट्यावर विसंबू नका, अण्णांचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्यामुळे तो आकडा फसवू शकतो, घरी मोजत राहा, असंही सांगितलं.

पुडी : उरलेल्या तीन पूर्ण करायच्या, एकही जास्त नाही. मग डी, कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच तपासून पुढचं ठरेल. कॅल्शियम आत्ता ९.१ आहे, म्हणजे ठीक.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग व्हिडिओत खोटं कशाला बोलतील?" यावर मी काय बोलणार.

डायलिसिसताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

डायलिसिसताई | १४ एप्रिल, रात्री ९.४०

आभार राहू देत. ५८ची नोंद वहीत तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, पुढच्या भेटीत लागेल. आणि गुळाचा खडा उशाशी राहू दे, पण खाल्ला की तुम्हाला सांगायचं, हे अण्णांकडून कबूल करून घ्या.

पूर्वभागकर | १४ एप्रिल, रात्री १०.२०

धोटा, मी 'बिनधास्त द्या' म्हणालो होतो, ते अण्णांच्या बाबतीत चुकलं. आईच्या कंबरेचं मात्र मागे घेत नाही. पण तिचं क्रिएटिनिन कधी तपासलंच नाही हे आज लक्षात आलं. उद्या सकाळी उपाशीपोटी नेतो.

कडकभाकरी | १४ एप्रिल, रात्री १०.२८

क्रिएटिनिनला उपाशी लागत नाही बहुतेक. शुगर पण करूलालाव तर ठीक.

पूर्वभागकर | १४ एप्रिल, रात्री १०.३१

दोन्ही करतो. लघवीचं पण.

धोटा | १४ एप्रिल, रात्री १०.४५

शेवटचा बारीक प्रश्न. पुडी दुधातच घ्यायची का? अण्णांना दूध मोजून सांगितलंय, आणि गार दुधात ढेकळं होतात.

डायलिसिसताई | १४ एप्रिल, रात्री ११.०५

कोमट अर्ध्या कपात ढवळा, आणि ते दूध दिवसाच्या मापातूनच धरा, वरचं नाही. दूध नको असेल तर जेवणाबरोबर पाण्यातून चालेल. जेवणात थोडं तेल-तूप असलं की ते नीट शोषलं जातं. रविवारी घेतात ना? कॅलेंडरवर खूण करा म्हणजे दोनदा होणार नाही.